पिंजऱ्यातला उंदीर आणि बुऱ्हाणपूरचा उन्हाळा

मराठीत ‘उंदीर’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की धान्याच्या कोठारात शिरणारा काळपट प्राणी, फडताळामागे खुडबुडणारा बोटाएवढा जीव, प्रयोगशाळेतील लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र प्राणी आणि गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक या सर्वांना तो सारखाच लागू पडतो. घूस आणि चिचुंद्री यांना भाषेने वेगळी नावे दिली आहेत, आणि त्यांतील चिचुंद्री तर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने उंदरांच्या कुळातीलही नाही. उंदीर पाळण्याचा विषय निघाला की पहिला घोटाळा या एका शब्दापाशीच होतो. कारण जो उंदीर पाळता येतो तो आणि ज्याच्यासाठी घरोघरी सापळे लावले जातात तो, हे दोन निरनिराळे प्राणी आहेत, आणि या भेदावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात, म्हणजे केळीच्या बागा, कापूस आणि यंत्रमाग यांवर चालणाऱ्या आणि मराठी व हिंदी सारख्याच सहजतेने बोलणाऱ्या खानदेशी वळणाच्या शहरात, छपरांवरून आणि वाशांवरून धावणारा जो उंदीर दिसतो तो बहुधा काळा उंदीर होय. ‘रॅटस रॅटस’ हे त्याचे शास्त्रीय नाव असून तो मूळचा भारतीय द्वीपकल्पातीलच मानला जातो. त्याचे कान मोठे, अंग सडपातळ आणि शेपूट धडापेक्षा लांब असते. चढण्यात तो पटाईत असतो. जगभर पाळला जाणारा उंदीर याचा वंशज नाही. तो ‘रॅटस नॉर्वेजिकस’ या तपकिरी उंदराच्या माणसाळलेल्या शाखेतील आहे. नावात नॉर्वे असले तरी या जातीचे मूळ उत्तर चीन आणि मंगोलिया या भागात आहे. तिचे अंग भरीव, कान लहान आणि शेपूट धडापेक्षा आखूड असते, आणि चढण्यापेक्षा जमिनीत बिळे खोदण्याकडे तिचा ओढा असतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ‘पांढरे उंदीर’ म्हणून जे विकले जातात ते पुष्कळदा या दोहोंपैकी कोणीच नसून छोट्या घरउंदराची पांढरी जात असते. त्या छोट्या उंदराचे वजन वीस-तीस ग्रॅमच्या पुढे क्वचितच जाते, तर पूर्ण वाढलेला पाळीव मोठा उंदीर अडीचशे ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंत, आणि नर त्याहूनही जास्त भरतो. दोघांच्या स्वभावात, गरजांत आणि माणसाशी होणाऱ्या सलगीत फार अंतर असल्यामुळे विकत घेताना हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. या लेखाचा विषय मोठा उंदीर हा आहे.

तपकिरी उंदीर माणसाळला तो काही प्रेमापोटी नव्हे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये कुत्र्यांपुढे शेकडो उंदीर सोडून पैजा लावण्याचा क्रूर खेळ चालत असे आणि त्यासाठी उंदीर पकडून पुरवणारा एक वर्गच तयार झाला होता. स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा उंदीर-पकड्या म्हणवणारा जॅक ब्लॅक हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. पकडलेल्या उंदरांत पांढरे, ठिपकेदार किंवा वेगळ्या रंगाचे जे निघत ते तो बाजूला काढी, त्यांची पैदास करी आणि हौशी लोकांना विके. १९०१ मध्ये मेरी डग्लस या बाईंच्या आग्रहावरून इंग्लंडमधील छोट्या उंदरांच्या पाळणाऱ्यांच्या मंडळाने आपल्या प्रदर्शनात मोठ्या उंदरांनाही जागा दिली. दुसरीकडे, १९०६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत पांढऱ्या उंदरांची एक शास्त्रशुद्ध वसाहत सुरू झाली आणि ‘विस्टार उंदीर’ म्हणून ओळखला जाणारा तो वंश जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेल्याने या उंदरांत माणसाची भीती कमी झाली, चावण्याची प्रवृत्ती कमी झाली आणि हातात घेतले असता शांत राहण्याची सवय जडली. रानउंदराचे पिल्लू घरात आणून वाढवले तरी हे साधत नाही. पिल्लूपणी ते गोड वाटते, पण वयात येताच त्याच्यातील जन्मजात भय जागे होते.

तरीही ‘उंदीर पाळायचा आहे’ असे घरात कोणी म्हटले तर आजीच्या चेहऱ्यावर जी छाया येते ती निराधार नाही. महाराष्ट्रात आणि खानदेशात ‘उंदीर पडणे’ या दोन शब्दांना एका काळी एकच अर्थ होता. घरात मेलेले उंदीर सापडू लागले की प्लेग आला असे समजून लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. हे निरीक्षण जुनेच आहे. आग्ऱ्याच्या परिसरात १६१८-१९ च्या सुमारास पसरलेल्या साथीविषयी लिहिताना जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत आसफखानाच्या मुलीने सांगितलेली हकीकत नोंदवली आहे, ती अशी की अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-उठत आला आणि त्यानंतर घरातील माणसे एकामागून एक आजारी पडत गेली. पुढे १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेगने थैमान घातले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीतील प्रयोगातून हा रोग उंदरावरील पिसू पसरवते असे दाखवले आणि मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, पुढील काही वर्षांत त्याला बळकट पुरावा मिळाला. रोगाचा जिवाणू उंदरात येतो, उंदीर मरतो, भुकेली पिसू थंड पडलेले शरीर सोडते आणि माणसाला चावते, असा तो क्रम आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या, रानउंदरांशी कधी संबंध न आलेल्या आणि अंगावर पिसवा नसलेल्या उंदरात ही साखळी सुरूच होत नाही. म्हणून आजीच्या भीतीला हसण्यापेक्षा तिच्यातून नियम काढणे शहाणपणाचे आहे. बाजार समितीच्या आवारात, गोदामात किंवा शेतात सापडलेला उंदीर कधीही पाळू नये, आणि घरचा पिंजरा रानउंदीर पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे रानउंदराच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात उतरणाऱ्या जिवाणूंच्या आजाराचा धोका असतो, तेव्हा तर हे दुप्पट काळजीने पाळावे लागते.

कायद्याच्या बाजूने पाहता उंदीर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्यासोबत उपद्रवी प्राणी म्हणून नोंदलेले होते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले. पाळणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा; प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या आखूड, अरुंद किंवा ठेंगण्या पिंजऱ्यात ठेवणे ही या कायद्यानुसार क्रूरता आहे, आणि ती उंदराच्या बाबतीतही क्रूरताच आहे.

दुकानात पोपटाच्या किंवा लव्हबर्डच्या जोडीसाठी जो पिंजरा मिळतो तो बहुतेक वेळा अपुरा पडतो. दोन किंवा तीन उंदरांसाठी लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दोन फुटांच्या आसपास तरी असावी आणि गजांमधील फट अर्ध्या इंचाहून अधिक नसावी, कारण ज्या फटीतून उंदराचे डोके जाते तीतून त्याचे उरलेले अंगही जाते. तळ जाळीचा न ठेवता सपाट ठेवावा. सतत तारेवर चालल्याने उंदराच्या तळपायांना जखमा होतात आणि त्यांत पू धरतो. ‘दोन किंवा तीन’ हा आकडा येथे मुद्दाम दिला आहे. उंदीर हा कळपात राहणारा प्राणी असून एकटा उंदीर, त्याला कितीही लाडाने वाढवले तरी, खिन्न आणि सुस्त होतो. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी एका उंदराला अरुंद नळीत अडकवून दुसऱ्याला बाहेर मोकळे सोडले, तेव्हा मोकळा उंदीर काही दिवसांत नळीचे दार उघडायला शिकला आणि जवळच दुसऱ्या नळीत चॉकलेट ठेवलेले असतानाही त्याने सोबत्याची सुटका केली. चॉकलेट पुष्कळदा दोघांत वाटले गेले. ज्या प्राण्याला सोबत्याची इतकी ओढ आहे त्याला माणसाच्या सोयीसाठी एकटे ठेवणे हा त्याच्यावरचा अन्यायच म्हणावा लागेल. सोबती मात्र एकाच लिंगाचे हवेत. मादी पाचव्या आठवड्याच्या सुमारास वयात येते, गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, एका वेताला आठ ते बारा पिले होतात आणि व्यालेली मादी दिवसाभरात पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे नर-मादीची जोडी आणणाऱ्याच्या घरात काही महिन्यांत पिंजरे कमी पडू लागतात.

बुऱ्हाणपुरात उंदीर पाळण्यातली खरी अडचण यांपैकी कोणतीच नाही. ती उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात आणि विशेषतः नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि प्रयोगशाळांत उंदीर साधारण २० ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवले जातात हे लक्षात घेतले की अंतर किती आहे ते कळते. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे शेपूट. तिच्यावर केस अगदी विरळ असतात आणि आतील रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे रुंदावतात, म्हणून उकाड्यात उंदराच्या शेपटीला बोट लावले तर ती गरम लागते. शेपूट पुरेनाशी झाली की तो अंगावर लाळ चोपडतो. तीही अपुरी पडली की सपाट पसरून, मान टाकून पडतो आणि नाक-तोंड ओले दिसू लागते, आणि ही उष्माघाताची वेळ असते. अशा वेळी बर्फाचे पाणी न वापरता साध्या गार पाण्याने शेपूट आणि पाय ओले करावेत, गार खोलीत न्यावे आणि विलंब न लावता पशुवैद्याकडे पोहोचावे.

मोकळ्या जगात तपकिरी उंदीर या संकटावर जो उपाय करतो तो बुऱ्हाणपूरकरांना ओळखीचा वाटावा. तो जमिनीखाली जातो, जेथे वरच्या उन्हाची झळ पोहोचत नाही. याच शहराने चारशे वर्षांपूर्वी, मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि एकापुढे एक खोदलेल्या कुंड्यांतून गावापर्यंत आणले, तो कुंडी भंडारा आजही पाहता येतो, आणि भर उन्हाळ्यात त्यात उतरणाऱ्याला गारवा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तारेच्या पिंजऱ्यातील उंदराला ही वाट बंद असते, म्हणून तिची भरपाई पाळणाऱ्याने करावयाची असते. पत्र्याच्या छपराखालची किंवा गच्चीलगतची खोली टाळून तळमजल्यावरील जाड भिंतीची खोली निवडावी. कुंभाराकडील एखादे आडवे ठेवलेले मडके बाहेरून ओले करून पिंजऱ्यात द्यावे, कारण पाणी पाझरून सुकताना आतील हवा थंड होते आणि उंदराला तेच बिळासारखे वाटते. फरशीचा किंवा कौलाचा तुकडा पाण्यात भिजवून ठेवला तरी उंदीर दुपारभर त्यावर पोट टेकून पडतो. उथळ ताटलीत पाणी घालून त्यात मटारचे दाणे सोडले तर ते पकडण्याच्या नादात त्याचे पाय आपोआप भिजतात. वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर उन्हाळ्यात दुहेरी उपयोगी पडतो, कारण हवा फार कोरडी झाली की लहान वयाच्या उंदरांच्या शेपटीवर कड्यासारखे वळ पडून पुढचा भाग सुकतो आणि कूलरचा ओलावा हा आजार टाळतो. पावसाळा सुरू झाला की तोच कूलर बंद करावा. वीज गेल्यावर काय करायचे याची व्यवस्था मात्र एप्रिलमध्येच ठरलेली असावी, आणि ज्या घरात ती होण्यासारखी नाही त्या घराने हा प्राणी न आणलेला बरा.

अंथरुणाच्या बाबतीत हे गाव एक मोह पुढे करते. यंत्रमागांच्या शहरात सुताचे तुकडे आणि रुई फुकट किंवा फुकटात जमा अशी मिळते, आणि मऊ घरट्यासाठी याहून चांगले काय, असे सहज वाटते. प्रत्यक्षात सुटा धागा उंदराच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, हालचालीबरोबर आवळत जातो, रक्तपुरवठा बंद पडतो आणि बोट किंवा पायच गमवावा लागतो. रुई गिळली गेली तर आतड्यात अडकते. कापड द्यायचेच असेल तर कडा दुमडून शिवलेला, धागे न सुटणारा जाडसर तुकडा द्यावा आणि तो दर दोन-तीन दिवसांनी धुवावा. लाकडाच्या वखारीतील भुसाही टाळावा, कारण त्याची बारीक धूळ आणि देवदारासारख्या लाकडांतील उग्र द्रव्ये फुप्फुसांना बाधतात. फाडलेला कोरा कागद हा साधा आणि सुरक्षित पर्याय आहे. हा कागद वेळेवर बदलणे हे आरोग्याचे अर्धे काम आहे. साठलेल्या लघवीतून अमोनिया वायू निघतो, आणि बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू आधीपासूनच वस्तीला असल्यामुळे अमोनिया, धूळ, उदबत्तीचा धूर किंवा मिरचीच्या फोडणीचा ठसका एवढे निमित्तही त्याचा आजार उसळायला पुरते. श्वास घेताना चिवचिव किंवा घरघर ऐकू आली, तर ते उंदराचे ‘बोलणे’ समजून दुर्लक्ष करू नये. उंदराचे खरे बोलणे बहुतांशी माणसाला ऐकू येत नाही. खेळताना आणि गुदगुल्या केल्यावर तो सुमारे ५० हजार हर्ट्झच्या आवाजात किलबिलतो, हे शास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस दाखवले, आणि माणसाचा कान २० हजारांपलीकडे बहिराच असतो.

डोळ्यांच्या किंवा नाकाच्या कडेला लाल डाग दिसला की नवखा पाळणारा रक्त म्हणून घाबरतो. डोळ्यामागील एका ग्रंथीतून झरणारे ते पॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य असते. रक्त नसले तरी उंदरावर ताण असल्याची किंवा आजार सुरू झाल्याची खूण म्हणून त्याची दखल घ्यावी. अशा वेळी कोणत्या पशुवैद्याला दाखवायचे हे उंदीर आणण्यापूर्वीच ठरवावे, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यांचा हात मुख्यतः गाई-म्हशींवर आणि शेळ्यांवर बसलेला असतो. एवढ्याशा जिवासाठी औषधाचा थेंब मोजून देणारा डॉक्टर शोधताना प्रसंगी इंदूर-महूपर्यंत जावे लागू शकते.

आहार हा त्यामानाने सोपा भाग आहे. प्रौढ उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम अन्न पुरते. प्रयोगशाळेसाठी तयार होणारा गोळीबंद खुराक मिळाला तर तो मुख्य अन्न म्हणून उत्तम, नाहीतर ज्वारी, बाजरी, गहू आणि तांदूळ यांचे मिश्रण, जोडीला शिजवलेली डाळ, उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणि काकडी, गाजर, पालक अशी भाजी असे ताट बसवता येते. ज्वारीच्या भाकरीचा वाळलेला तुकडा तर खाद्य आणि खेळणे दोन्ही ठरतो, कारण पुढचे दात आयुष्यभर वाढत राहत असल्याने उंदराला कुरतडायला काही तरी टणक लागतेच. ते दात पिवळसर-केशरी दिसले तर घासायला जाऊ नये, लोहामुळे येणारा तो निरोगी दाताचा रंग आहे. बुऱ्हाणपूरची केळी पिकलेली असतील तर नखाएवढी चकती आठवड्यातून दोनदा खुशाल द्यावी, कच्ची देऊ नये. राजमा आणि इतर कडधान्ये कच्ची देऊ नयेत, बुरशीची शंका असलेला शेंगदाणा तर अजिबात देऊ नये, कारण त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष उंदराच्या यकृतावर थेट घाव घालते. संत्र्याच्या सालीतील लिमोनिन नर उंदरांच्या मूत्रपिंडाला घातक ठरते. फरसाण आणि माव्याची जलेबी पाहुण्यांसाठीच राहू द्यावी, लठ्ठ उंदीर लवकर मरतो. शरीररचनेमुळे उंदराला उलटी होत नाही, पोटात गेलेले चुकीचे अन्न त्याला बाहेर टाकता येत नाही; ‘उंदराचे औषध’ या नावाने मराठीत ज्याला ओळखतात ते विष इतके प्रभावी ठरते त्याचे एक कारण हेच आहे. म्हणून पाळीव उंदराच्या घरात, आणि शक्य तर शेजारच्या खोलीतही, ते औषध ठेवू नये.

उंदराला हाती घेण्याची सवय लहानपणापासून, रोज तासभर वेळ देऊन लावावी लागते. त्याला कधीही शेपटीने उचलू नये, कारण शेपटीचे कातडे सोलून निघते. दोन्ही तळहातांची ओंजळ करून छातीखालून उचलले की तो निर्धास्त होतो. सलगी झालेला उंदीर बाहीत शिरतो, खांद्यावर बसून राहतो, दात हलकेच एकमेकांवर घासत समाधान व्यक्त करतो, आणि त्या घासण्याबरोबर त्याचे डोळे खोबणीत मागे-पुढे थरथरतात, हे पाहून अनेकांना झटका आल्याची शंका येते. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत, उंदराला तोंडाजवळ आणू नये आणि चावा बसल्यास जखम धुऊन डॉक्टरांना दाखवावी, कारण उंदरांच्या तोंडातील काही जिवाणूंमुळे मूषकदंश ज्वर म्हणून ओळखला जाणारा ताप येऊ शकतो. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात मुलाच्या हाती उंदीर एकट्याने देऊ नये.

उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असते, आणि पाळणाऱ्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच आहे. दीड वर्षानंतर मादीच्या पोटाखाली गाठी येऊ लागतात, त्या बहुधा स्तनग्रंथींच्या असतात आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर काढता येतात. नराच्या मागच्या पायांतील जोर दोन वर्षांच्या सुमारास कमी होतो. तेव्हा पिंजऱ्यातील शिड्या काढून सगळे एका मजल्यावर आणावे, पाण्याची बाटली खाली सरकवावी आणि भाकरी डाळीत भिजवून द्यावी. दोघांपैकी एक गेला की उरलेला काही दिवस त्याच कोपऱ्यात जाऊन वास घेत राहतो. त्याला एकटे सोडायचे नसेल तर लहान वयाचे दोन उंदीर आणून, पहिले काही दिवस वेगळ्या पिंजऱ्यात शेजारी ठेवून आणि अंथरुणाची अदलाबदल करून, एकमेकांच्या वासाची ओळख होऊ द्यावी लागते. आणि असे केले की पुन्हा दोन-तीन वर्षांची, दोन उन्हाळ्यांची तरी, जबाबदारी सुरू होते.